डेम हॅरिएट चिक : मुडदुसाचे मूळ शोधणाऱ्या बाई

मुडदूस म्हणजे काय हे आमच्या वाचक भगिनींस समजावून सांगण्याची गरज नाही. मूल दीड-दोन वर्षांचे झाले तरी उभे राहत नाही; कपाळ पुढे आलेले, मनगटे जाड झालेली, बरगड्यांच्या टोकांशी माळेतील मण्यांसारख्या गाठी, पोट सुटलेले; आणि पुढे चालू लागले तर पाय धनुष्याप्रमाणे वाकतात. अशा मुलास कोणी दृष्ट लागली असे म्हणतो, कोणी आईच्या दुधाला दोष देतो, तर कोणी दैवाला. मुलगी असेल तर तिचे दुःख वाकड्या पायांवरच संपत नाही. तिच्या कटीची हाडे अरुंद राहतात, आणि वीस वर्षांनी प्रसूतीच्या वेळी तिचा व तिच्या बाळाचा जीव धोक्यात येतो. ज्या रोगाचा आरंभ पाळण्यात होतो, त्याचा घाला असा बाळंतिणीच्या खाटेपर्यंत पोहोचतो.

ह्या रोगाचे खरे कारण काय, व तो निश्चितपणे कसा टाळावा, हे ज्यांच्या चिकाटीने वादातीत ठरले, त्यांत डेम हॅरिएट चिक ह्या इंग्रज बाईंचे नाव अग्रभागी आहे. त्यांस देवाघरी जाऊन आता बराच काळ लोटला. परंतु त्यांच्या आयुष्यातील तीन वर्षे अशी आहेत की, ज्यांच्या घरी लहान मूल आहे अशा प्रत्येकाने त्यांची हकीकत ऐकावी.

चिकबाईंचा जन्म ६ जानेवारी १८७५ रोजी लंडन शहरी झाला. त्यांचे वडील सॅम्युएल चिक हे लेसचे व्यापारी होते. घराणे मेथॉडिस्ट पंथाचे व शिस्तीचे. नियमाने कौटुंबिक प्रार्थना होत असे आणि चैनीला तेथे थारा नसे. परंतु ह्या कडक बापाने एक गोष्ट अशी केली की जी त्या काळी फार थोडे बाप करीत. त्याच्या सातही मुली चांगल्या शाळेत गेल्या, आणि त्यांपैकी बहुतेकींनी विद्यापीठाचे शिक्षण घेतले. हॅरिएट ह्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विज्ञानाचा अभ्यास केला, व्हिएन्ना आणि म्युनिक येथे राहून जंतुशास्त्राचे व आरोग्यशास्त्राचे ज्ञान मिळविले, आणि १९०४ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. ही पदवी संपादन केली.

पुढल्या वर्षी त्यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनवृत्तीसाठी अर्ज केला. ही संस्था रोगांची कारणे शोधण्यासाठी स्थापन झालेली होती. तेथे तोवर कोणतीही स्त्री ह्या वृत्तीवर नेमली गेली नव्हती. संस्थेतील दोन गृहस्थांनी, ही नेमणूक करू नये म्हणून संचालकांस गळ घातली. परंतु संचालक डॉ. चार्ल्स मार्टिन ह्यांनी अर्ज करणाराची योग्यता पाहिली, आणि बाईंस घेतले. त्या संस्थेशी त्यांचा संबंध जन्मभर टिकला. १९०८ साली त्यांनी जंतुनाशक औषधे किती वेळात किती जंतू मारतात ह्याचा नियम शोधून काढला. तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्यांस त्याचा आधार घ्यावा लागतो.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, आणि बाईंचे लक्ष जंतूंवरून अन्नाकडे वळले. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत कूत येथे १९१५-१६ साली सैन्याला वेढा पडला असता एक विचित्र गोष्ट दिसून आली. हिंदी शिपायांस रक्तपिती, म्हणजे हिरड्या सुजून रक्त वाहण्याचा रोग जडला. आणि पांढऱ्या पिठाची भाकरी खाणाऱ्या गोऱ्या शिपायांस बेरीबेरी हा हातपाय लुळे करणारा रोग जडला. दोन्ही रोग गोळ्यांनी नव्हेत, तर अन्नातील उणिवेमुळे आले होते. चिकबाई व त्यांच्या सहकारी मार्गारेट ह्यूम ह्यांनी एकेक पदार्थ तपासला, आणि कोणत्या अन्नात कोणता गुण आहे हे प्रयोगाने ठरविले. गव्हाचा अंकुर व अंडी ह्यांत बेरीबेरी टाळण्याचा गुण सापडला. सुकी कडधान्ये रक्तपितीवर निरुपयोगी, परंतु तीच भिजवून मोड आणली म्हणजे गुणकारी होतात, हेही त्या संशोधनात सिद्ध झाले. आमच्या आजीबाई मोड आलेली मटकी पूर्वापार शिजवीत आल्या आहेत. तिच्यात काय दडले आहे हे शास्त्राला त्या युद्धाच्या काळात नीट उमगले.

आता मुडदुसाकडे वळू. त्या काळी युरोपातील मोठ्या शहरांत, विशेषतः धुराने काळवंडलेल्या कारखान्यांच्या गावांत, गरिबांच्या मुलांत हा रोग अतोनात होता. कारणाविषयी मात्र वैद्यांत तट पडले होते. लंडनचे एडवर्ड मेलनबी ह्यांनी कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून १९१९ साली सांगितले की, आहारात काही विशिष्ट स्निग्ध पदार्थांचा अभाव असला म्हणजे मुडदूस होतो, व कॉड माशाच्या यकृताचे तेल दिल्यास तो टळतो. उत्तरेकडील समुद्रकाठचे लोक हे तेल जुन्या काळापासून औषध म्हणून देत आले होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे मुडदुसाने मरत असत; १८८९ साली ब्लँड-सटन नावाच्या शस्त्रवैद्याच्या सल्ल्याने त्यांस हे तेल व कुटलेली हाडे दिली, तेव्हा ते सुधारले होते. परंतु ग्लासगो शहरचे वैद्य म्हणत की, दोष अन्नाचा नाही. मुलांना कोंदट घरांत कोंडून ठेवतात, मोकळी हवा व हालचाल मिळत नाही, म्हणून हा रोग होतो. आणखी काही विद्वान त्यास जंतुजन्य समजत.

ह्या वादात एका मिशनरी वैद्याची साक्ष मागे पडून राहिली होती, तिचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. डॉ. थिओबाल्ड पाम हे एडिंबरोच्या वैद्यकीय मिशनतर्फे जपानात निगाता येथे सेवा करीत होते. तेथे त्यांस मुडदूस जवळजवळ आढळला नाही. मायदेशी परतल्यावर मात्र तो जागोजाग दिसू लागला. ह्या फरकाने ते विचारात पडले. त्यांनी चीन, हिंदुस्थान, सिलोन वगैरे देशांतील मिशनरी वैद्यांकडे चौकशी केली, आणि जी उत्तरे आली त्यांवरून १८९० साली असे लिहिले की, गरिबी व निकृष्ट अन्न पूर्वेकडेही आहेच. तेथे जे विपुल आहे आणि इंग्लंडच्या शहरांत जे नाही, ते ऊन होय. म्हणून मुलांस उन्हात ठेवावे. फार थोड्यांनी त्यांचे ऐकले. १९१९ साली बर्लिनचे डॉ. हुल्डशिन्स्की ह्यांनी पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचा प्रकाश मुडदूस झालेल्या मुलांच्या अंगावर पाडून त्यांस बरे केले, तेव्हा हा विचार पुन्हा पुढे आला.

अन्न की ऊन? दोन्ही पक्षांजवळ पुरावा होता. आणि खरे काय हे ठरेपर्यंत मुलांची हाडे वाकतच होती.

महायुद्ध संपले तेव्हा ऑस्ट्रियाचे साम्राज्य मोडले होते, आणि व्हिएन्ना ही त्याची एके काळची वैभवशाली राजधानी उपाशी पडली होती. दूध नाही, लोणी नाही, कोळसा नाही. रोगी मुलांनी रुग्णालये भरून गेली. लंडनहून एका संशोधन समितीने चिकबाईंस १९१९ साली तिकडे पाठविले. त्यांच्याबरोबर एल्सी डालयेल ह्या ऑस्ट्रेलियातील डॉक्टरीण बाई होत्या. मागाहून मार्गारेट ह्यूम, बालरोगांच्या वैद्य हेलन मॅके व हॅना हेंडरसन स्मिथ ह्याही येऊन मिळाल्या. कालपरवापर्यंत जो देश शत्रू होता, त्याच्या मुलांची हाडे वाचविण्यासाठी ह्या स्त्रिया निघाल्या होत्या.

तेथील विद्यापीठाच्या बालरुग्णालयाचे प्रमुख प्राध्यापक क्लेमेन्स फॉन पिर्के हे जगप्रसिद्ध वैद्य होते. क्षयाची त्वचेवरील परीक्षा त्यांनीच शोधली होती. उपाशी मुलांस जेवण पोहोचविण्याची अमेरिकन लोकांची मोठी योजनाही त्यांच्याच देखरेखीखाली चालली होती. मुडदुसाविषयी मात्र त्यांचे मत ठाम होते की, हा एक प्रकारचा संसर्ग आहे, आणि आहाराने त्यात काही फरक पडत नाही. असे असूनही त्यांनी मनाचा मोठेपणा दाखविला. बाईंच्या मतावर विश्वास नसताना त्यांनी त्यांस आपल्या रुग्णालयातील खाटा, परिचारिका व सर्व साधने मोकळेपणाने दिली. अतिथीने यजमानाच्या घरात बसून यजमानाचेच मत तपासावे, असा तो नाजूक प्रसंग होता. तेव्हा कामात कोठेही कसर राहून चालणार नव्हते.

चिकबाईंनी अशी व्यवस्था केली : रुग्णालयातील तान्ह्या बाळांचे दोन गट केले. एका गटास तेथील रिवाजाप्रमाणे साखर घातलेल्या दुधाचा आहार दिला. दुसऱ्या गटास दूध व त्याबरोबर कॉडलिव्हर तेल दिले. बाकी सर्व गोष्टी दोघांस सारख्याच. तोच वॉर्ड, त्याच परिचारिका, तीच स्वच्छता, तीच हवा. त्यामुळे पुढे जो फरक दिसेल तो आहाराचाच, असे निःशंक म्हणता यावे. डोळ्यांवर विसंबून न राहता डॉ. विम्बर्गर हे ठराविक काळाने प्रत्येक बाळाच्या हाडांचे क्ष-किरणांनी चित्र घेत. बाहेरून काही दिसण्यापूर्वीच हाडाच्या वाढत्या टोकाशी रोगाची पहिली खूण त्या चित्रात उमटे. ती दिसली म्हणजे त्या बाळावर उपाय सुरू होई. एकदोन महिने नव्हे, तर १९२२ पर्यंत हिवाळ्यामागून हिवाळा आणि उन्हाळ्यामागून उन्हाळा हे काम चालले.

हिवाळा आला. व्हिएन्नात त्या ऋतूत आभाळ झाकलेले, आणि बाळे आतच ठेवावी लागत. पहिल्या गटातील पुष्कळ बाळांच्या हाडांत मुडदुसाच्या खुणा दिसू लागल्या. ज्यांस तेल मिळत होते त्यांत एकासही तो झाला नाही. संसर्ग असता तर शेजारच्या खाटेवरील बाळांस तो का लागू नये? पिर्के ह्यांच्या मतास ह्याने मोठा धक्का बसला, आणि मेलनबींचा पक्ष खरा असे वाटू लागले.

परंतु उन्हाळा आला आणि सर्वच कोडे पालटले. बाळांच्या खाटा उघड्या सज्जांवर उन्हात नेऊन ठेवीत. आहार तोच, तेल कोणास आहे, कोणास नाही; तरी नव्याने मुडदूस कोणासच होईना! इतकेच नव्हे, तर ज्यांस हिवाळ्यात झाला होता ती बाळेही उन्हात बरी होऊ लागली. मुडदूस झालेल्या बाळांस तेल द्या, किंवा पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशात ठेवा, किंवा उन्हात ठेवा. तिन्ही उपायांनी क्ष-किरणांच्या चित्रात हाडांवर चुना पुन्हा साठू लागलेला सारखाच दिसे.

अशा वेळी आपल्या पक्षाला अडचणीची गोष्ट बाजूस सारावी असा मोह विद्वानांसही होतो. चिकबाई अन्नाच्या गुणांचे संशोधन करणाऱ्या. अन्नाचा पक्ष त्यांच्या जवळचा. परंतु त्यांनी जे पाहिले ते जसेच्या तसे मांडले : तेल खरे आणि ऊनही खरे. लंडन व ग्लासगो ह्यांचे भांडण हे एकाच घराच्या दोन दारांवरून चाललेले भांडण होते. १९२३ साली त्यांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. पिर्के ह्यांनीही आपले जुने मत सोडले व हा निर्णय मान्य केला. हे त्या थोर पुरुषास भूषणावहच होय.

ह्याच मुक्कामात डालयेल व चिक ह्या दोघींनी व्हिएन्नातील मोठ्या माणसांच्या अशाच एका व्याधीकडे लक्ष दिले. उपासमारीत पुष्कळ स्त्रियांच्या कंबरेत व पायांत असह्य वेदना होत, जिना चढणे अशक्य होई, चालताना त्या बदकाप्रमाणे हेलकावे खात. त्यांची हाडे मऊ पडली होती. मुलांत जो मुडदूस, तोच मोठ्यांत हाडे नरम होण्याचा रोग. त्यांसही ह्या तेलाने आराम पडला, आणि ज्या बायका भिंत धरून येत त्या आपल्या पायांनी चालत घरी जाऊ लागल्या.

आता ऊन आणि तेल ह्यांचे नाते काय, हे वाचक विचारतील. हाड म्हणजे आधी एक मऊ सांगाडा. त्यात चुना व फॉस्फरस हे क्षार साठून ते कठीण होते. अन्नातील चुना आतड्यांतून रक्तात यावा ह्यासाठी एक सूक्ष्म द्रव्य लागते, त्यास ड जीवनसत्त्व म्हणतात. हे कॉडलिव्हर तेलात तयार मिळते. परंतु सूर्यप्रकाशात डोळ्यांस न दिसणारे जे जंबुपार अथवा अतिनील किरण असतात, ते उघड्या त्वचेवर पडले म्हणजे तेच द्रव्य आपल्या शरीरात तयार होते. म्हणूनच हुल्डशिन्स्की ह्यांनी मुलाच्या एकाच हातावर प्रकाश पाडला तरी दुसऱ्या हाताचीही हाडे सुधारली. कारण ते द्रव्य रक्ताबरोबर सर्वांगात फिरते. खिडकीच्या काचेतून हे किरण बहुतेक येत नाहीत, आणि दाट धूर त्यांस अडवितो. मँचेस्टर व ग्लासगो येथील मुले मुडदुसाने का वाकत, ह्याचा उलगडा असा झाला.

ह्या कथेला आमच्या प्रांताचाही एक धागा आहे. १९२२ साली, म्हणजे व्हिएन्नातील काम संपत असतानाच, हचिसन व शहा ह्या दोघांनी नाशिक येथील आपली पाहणी प्रसिद्ध केली. त्यांस असे आढळले की, शेतात राबणाऱ्या गरिबांची मुले साधे व तोकडे अन्न खाऊनही मुडदुसापासून बहुधा मुक्त होती. आणि जेथे पडदा पाळला जाई अशा सुखवस्तू घरांत, अन्नाची ददात नसताना, मुलांस मुडदूस व त्यांच्या आयांस हाडे नरम होण्याचा रोग होता. भरल्या घरात उपाशी होते ते अंग; अन्नाला नव्हे, उन्हाला. पाम ह्यांनी दूरच्या पत्रांवरून जे ताडले होते, त्यास नाशिकने अशी पुष्टी दिली.

व्हिएन्नाहून परतल्यावर चिकबाई स्वस्थ बसल्या नाहीत. मका खाणाऱ्या लोकांत होणाऱ्या पेलाग्रा रोगावर त्यांनी काम केले. १९३४ ते १९३७ ह्या काळात राष्ट्रसंघाच्या पोषणविषयक समितीच्या त्या कार्यवाह होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्या व ह्यूमबाई केंब्रिज येथे मार्टिन ह्यांच्या घरी राहून, कोणते गव्हाचे पीठ लोकांस जास्त पोषक होईल ह्याचे प्रयोग करीत होत्या. त्या युद्धात इंग्लंडच्या सरकारने लहान मुलांस कॉडलिव्हर तेल पुरविले व मार्गारिनमध्ये जीवनसत्त्वे घालविली. एके काळी गल्लोगल्ली दिसणारी वाकड्या पायांची मुले तेथे दुर्मिळ झाली. १९४५ साली सत्तराव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. १९४९ साली त्यांस डेम हा बहुमान मिळाला. वयाची ऐंशी उलटल्यावर त्यांनी तेथील पोषणशास्त्र मंडळाचे अध्यक्षपद भूषविले. आणि व्हिएन्नातील त्या तीन वर्षांची हकीकत त्यांनी स्वतः लिहिली ती १९७६ साली छापली गेली, तेव्हा त्या १०१ वर्षांच्या होत्या! ९ जुलै १९७७ रोजी, १०२ वर्षांचे आयुष्य भोगून, त्या हे जग सोडून गेल्या.

ह्या चरित्रापासून बोध घ्यावयाचा तो कोणता? चिकबाईंनी हे नवे जीवनसत्त्व शोधले नाही, आणि दिवाही त्यांचा नव्हता. त्यांनी केले ते एवढेच की, दोन पक्ष भांडत असता त्या तिसरा पक्ष होऊन भांडावयास बसल्या नाहीत. बाळांच्या खाटांशी जाऊन त्यांनी खरे काय ते पाहिले, आणि आपल्याला अपेक्षित नव्हते तेही सांगितले. मंडळीतील तंट्यांतही पुष्कळदा दोघांजवळ सत्याचा अर्धा अर्धा तुकडा असतो. तो मिळवून पाहावयास कोणीतरी चिकाटीचा व निःस्वार्थ मनुष्य मात्र हवा.

आणि आईबापांस एक विनंती. ऊन सर्वांसाठी आहे. त्याला दाम पडत नाही. बाळाला नजर लागेल, ते काळे पडेल, अशा भयाने त्यास अंधाऱ्या खोलीत व कपड्यांच्या गुंडाळीत ठेवू नका. रोज कोवळ्या, सोसवेल अशा उन्हात उघड्या अंगाने त्यास काही वेळ खेळू द्या. बाळंतिणीलाही थोडे ऊन मिळू द्या. शहरात चाळीच्या आतल्या खोलीत राहणाऱ्यांनी तर ह्याविषयी अधिकच जपावे. तेल किंवा जीवनसत्त्वाचे थेंब द्यावयाचे ते डॉक्टर सांगतील त्याच मापाने द्यावेत. कारण जे थोडे असता गुण देते, ते अति झाले असता अपाय करते. आणि मूल वेळेवर उभे राहत नसेल, मनगटे जाड दिसत असतील, तर दैवास दोष देत बसू नका. त्यास दवाखान्यात दाखवा. हाडे कोवळी आहेत तोवरच ती सरळ होऊ शकतात.